डबा, डबी, डबडे : घरगुती खेळणी व शिशूची भाषा

वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या शिक्षण-परिषदेतून जी योजना निघाली, तिचा विचार मुख्यतः सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलांपुरता होता. त्याहून लहान मुलांकडे नई तालीमचे लक्ष वळले ते जानेवारी १९४५ च्या सेवाग्राम परिषदेत. पूर्व-बुनियादी ही पायरी तेथे स्वीकारण्यात आली. त्याच वर्षी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि माँटेसोरी पद्धतीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने यांस स्थान दिले. अशा प्रयत्नांचे समर्थन बहुधा काटकसरीच्या अंगाने केले जाते. ते खोटे नाही, अपुरे आहे. घरातील टाकाऊ वस्तूंच्या खेळण्याचे खरे मोल ते करताना व हाताळताना होणाऱ्या बोलण्यात असते, आणि म्हणून हा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो.

एकात एक बसणारे तीन-चार रिकामे डबे हे या दृष्टीने सर्वांत सोपे खेळणे होय. मोठा तो 'डबा', लहान ती 'डबी'. गोळा-गोळी, टोपला-टोपली, सुरा-सुरी या जोड्यांतही लिंगभेद आकाराच्या भेदाशी निगडित आहे. फेकून देण्याजोगे झाले की तेच नपुंसकलिंगी 'डबडे' होते. 'मोठा डबा', 'छोटी डबी', 'फुटके डबडे' असे सहज बोलत गेल्यास विशेषणाची तिन्ही रूपे वस्तूंसह मुलाच्या कानी पडतात. क्रियापदांचेही तसेच. घालणे, काढणे, झाकणे, उघडणे ही क्रियापदे हाताच्या कृतीशी जोडली जातात. पाणी 'ओतले' आणि पाणी 'सांडले' यांतील भेद हेतूचा आहे. तो व्याख्येने शिकविता येत नाही, वाटी कलंडली की आपोआप कळतो.

खेळण्यांची जुनी मराठी नावेही मुलाच्या अनुभवाला धरून आहेत. खुळखुळ वाजतो तो खुळखुळा, भिरभिरते ते भिरभिरे, फिरते ती फिरकी. एका बाटलीत तुरीचे दाणे व दुसरीत वाळू घातल्यास 'खुळखुळ' व 'सरसर' हे ध्वनी शेजारी ठेवून ऐकता येतात. मात्र झाकण चिकटवून पक्के केलेच पाहिजे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत मावेल अशी सुटी वस्तू देऊ नये. चिंचोके, गुंड्या, बाटल्यांची लहान झाकणे ही सर्व त्यात आली. पत्र्याच्या कापऱ्या कडा ठोकून बसविणे पुरेसे नाही, तसा डबा वर्ज्यच करावा.

ॲना सोसा यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात १० ते १६ महिन्यांची मुले व त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे घरातील बोलणे नोंदविले होते. आवाज करणारी विजेरीची खेळणी असताना पालक सर्वांत कमी शब्द बोलले, साध्या खेळण्यांसह अधिक, आणि पुस्तकांसह सर्वाधिक. नमुना लहान आहे हे खरे; तथापि खेळणे बोलू लागले की माणूस गप्प होतो, हा निष्कर्ष सहज पटण्याजोगा आहे.

वर्धा-नागपूर भागात याला आणखी एक पदर आहे. येथे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो व मुले लाकडी बैल मिरवितात. बैलगाडीला येथे 'बंडी' म्हणतात. अन्यत्र हाच शब्द अंगात घालण्याच्या वस्त्राचा. ज्वारीच्या धांड्याची साल व आतील भेंड यांची बंडी करून देणे ही खेड्यातील वडीलधाऱ्यांची जुनी रीत होती. दोन वर्षांच्या मुलाला ती करता येत नाही, पण समोर बसून जू, साटी, कणा, चाक ही नावे ते ऐकत असे. ज्वारीचा पेरा घटला, शेतात ट्रॅक्टर आला, आणि या शब्दांचा घरातील वापरही विरळ होत चालला. पुठ्ठ्याच्या खोक्याची साटी व डब्यांच्या मोठ्या झाकणांची चाके करूनही बंडी उभी राहते. तिच्या प्रत्येक भागाला मात्र जुनेच नाव द्यावे लागते, कारण दुसरे नाव त्याला नाही.