पंचवीस पिनांमागची बोलणी

बिलाच्या तळाशी 'टोटल'च्या पाच इंग्रजी अक्षरांऐवजी व्ही-ओ-व्ही-सी-एन उमटलेलं, आणि जिथे जिथे मोकळी जागा हवी तिथे अवतरणचिन्ह. दुकानदार हवालदिल; कॉम्प्युटरात व्हायरस शिरला अशी त्याची खात्री. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या आम्हा मंडळींना मात्र असा कागद हाती आला की हायसं वाटायचं, कारण बिघाडाचा पत्ता त्यावरच छापलेला असायचा.

पॅरलल पोर्टमधून एका अक्षराचे आठ बिट आठ वेगळ्या तारांवरून एकदम जातात. कॉम्प्युटरच्या बाजूला त्या पिन २ ते ९. आता आकडे मांडून पाहा. 'टी'चा आकडा ८४, छापलं गेलं ८६ म्हणजे 'व्ही'. 'ए' ६५, छापलं ६७ म्हणजे 'सी'. मोकळी जागा ३२, छापलं ३४ म्हणजे अवतरणचिन्ह. दर वेळी दोनाचीच वाढ. दोन किमतीचा बिट पिन ३ वरून जातो. ती तार सुटली की प्रिंटर तिथे कायम 'एक'च वाचतो. 'ओ'मध्ये तो बिट मुळातच एक असतो, म्हणून 'ओ' शाबूत राहिला. केबलच्या कनेक्टरचं झाकण उघडलं, तर तिसऱ्या पिनचा टाका सुटलेला. सोल्डरिंग आयर्न टेकवलं आणि बिल सरळ छापून आलं.

अर्थात, तारांवर अक्षर मांडलं म्हणजे ते पोचलं असं नाही. कॉम्प्युटर आधी पिन ११ वरचा 'बिझी' तपासतो. तिथे व्होल्टेज असेल तर थांबायचं. नसेल तर आठ तारांवर अक्षर मांडायचं, निदान अर्धा मायक्रोसेकंद ते स्थिरावू द्यायचं आणि मग पिन १ वरचा 'स्ट्रोब' क्षणभर पाच व्होल्टवरून शून्यावर आणायचा. 'आता वाच' असा तो इशारा. प्रिंटर लगेच 'बिझी' चढवतो, अक्षर उचलतो आणि पिन १० वर 'अॅक'ची पोच देतो. एवढा सगळा व्यवहार झाल्याशिवाय दुसरं अक्षर निघत नाही.

ही पद्धत बसवली अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने, १९७० च्या सुमारास. प्रिंटरच्या पाठीवरचा तो ३६ पिनांचा रुंद कनेक्टर आठवतो? त्यातल्या २१ पिनाच खऱ्या कामाच्या. मग ३६ कशाला? सेंट्रॉनिक्सची पाळंमुळं वांग लॅबोरेटरीजमध्ये. वांगकडे एका कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले असे सुमारे २० हजार कनेक्टर शिल्लक होते, तेच लावले. पुढे १९८१ च्या पीसीत आयबीएमने आपल्या बाजूला २५ पिनांचा आटोपशीर कनेक्टर घेतला. प्रिंटर केबलची दोन टोकं वेगवेगळी असतात ती यामुळे.

दुसरा किस्सा लिनक्सचा. कागद संपला की प्रिंटर पिन १२ वर कळवतो. तो ऑनलाइन आहे की नाही हे पिन १३ सांगते. बिघाड असेल तर पिन १५ शून्यावर येते. आता कागद आहे, प्रिंटर ऑनलाइन आहे, तरीही बिघाडाची तार ओरडते आहे, असं झालं तर? लिनक्सच्या प्रिंटर ड्रायव्हरमध्ये त्यासाठी संदेश लिहिला गेला: 'एलपी-झीरो ऑन फायर', म्हणजे प्रिंटरला आग लागली आहे. तो वाचून घाबरलेल्यांना आम्ही एवढंच सांगायचो, आधी केबल घट्ट बसवा. केबल ढिली असली तरी त्या तारांवर वाट्टेल ते वाचलं जातं.

आज यूएसबीच्या मोजक्या तारांवरून कितीतरी पट वेगाने छपाई होते, आणि ते चांगलंच आहे. पण तिथे बिघाड डोळ्यांनी दिसत नाही. इथे प्रत्येक संकेताला स्वतःची तार आहे. मल्टिमीटर लावून एकेक तपासता येते. म्हणून पॉलिटेक्निकच्या आणि इंजिनिअरिंगच्या शिक्षकांना कळकळीची विनंती: लॅबमधला जुना पीसी भंगारात काढण्याआधी त्याचा पॅरलल पोर्ट मुलांना वापरू द्या. पिन २ आणि पिन २५ यांच्यामध्ये रेझिस्टर लावून एक एलईडी जोडा आणि पोर्टवर 'एक' लिहायला सांगा. सॉफ्टवेअरमधला बिट म्हणजे तारेवरचं व्होल्टेज, हे मुलांना त्याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.