फुटलेल्या पत्र्याचे पुढे काय होते?

3 जून 2020 रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. रेवदंडा, चौल, नागाव या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पंचनामे झाले, झाडे आणि घरे मोजली गेली. पण अंगणात आणि वाडीत विखुरलेल्या छपरांच्या तुकड्यांत नेमके काय होते, याची चर्चा फारशी झाली नाही.

करड्या, नागमोडी सिमेंटच्या पत्र्याची तुटलेली कड उन्हात धरून पाहावी. सिमेंटमधून बारीक, पांढुरकी लव बाहेर आलेली दिसते. ते अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. वजनाने ते साधारण आठ-दहा टक्केच, बाकीचे सगळे सिमेंट. एवढ्या तंतूंवर पत्रा वाकण्याचा आणि फुटण्याचा ताण पेलतो, आगीला दाद देत नाही, गंजत नाही आणि स्वस्तही पडतो. खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा काही वर्षांत चाळणी होतो. त्यामुळे गोठा, पडवी, कोळीवाड्यातले घर यांवर सिमेंटचे पत्रे चढले यात नवल नाही.

अडचण तंतूंच्या फुटण्याच्या तऱ्हेत आहे. सुंबाचा पीळ उसवावा तसा अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो आणि डोळ्यांना दिसेनासा होईपर्यंत बारीक होतो. श्वासातून तो फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथल्या सफाई करणाऱ्या पेशींना लांब तंतू गिळता येत नाही. त्या स्वतःच मरतात, सूज राहते, ऊती हळूहळू घट्ट होतात. अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा हे त्याचे परिणाम. आजार उमटायला बहुधा वीस ते चाळीस वर्षे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कामाच्या ठिकाणी श्वासात गेलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसे दगावतात.

इथे घाबरवून सोडण्याचा हेतू नाही. डोक्यावरचा शाबूत पत्रा फार थोडे तंतू सोडतो. करवतीने कापताना, ड्रिलने भोके पाडताना, हातोड्याने फोडताना मात्र धूळ उठते. पावसाळ्याआधी तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडणे हेही तसेच जोखमीचे काम, कारण वर्षानुवर्षांच्या पावसाने पृष्ठभागावरचे सिमेंट झिजून तंतू आधीच उघडे पडलेले असतात. आणि वादळ तर एका दुपारी हजारो पत्रे फोडते.

युरोपीय संघाने 2005पासून अ‍ॅस्बेस्टॉस जवळजवळ पूर्णपणे बंद केले. भारतात मात्र ते रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून आयात होत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला: अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर संपेल तोवर ठेवावी. आजार किती उशिरा उगवतो हे न्यायालयाने नेमके ओळखले. छपरावर चढून पत्रे बसवणारा गवंडी किंवा सुतार या नोंदवहीत कुठेच नाही, आणि हीच सर्वांत मोठी उणीव आहे.

रेवदंड्यात बांधकामाच्या साहित्याचा दुसरा धडाही उभा आहे. पोर्तुगीजांनी 1520च्या दशकात इथे कोट बांधायला घेतला. 1740मध्ये तो मराठ्यांकडे आला. कोटातल्या सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले ढासळले, तटावर झाडे रुजली, तरी चुन्यात बसवलेली दगडी भिंत शतकानुशतके खारा वारा सोसते आहे.

चुनखडी किंवा शिंपले सुमारे 900 अंश सेल्सियसला भाजले की त्यांतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. चुना विरवून भिंतीत घातला की तोच वायू हवेतून पुन्हा शोषून तो हळूहळू दगडासारखा होतो. गंमत अशी, की हाच वायू सळयांच्या काँक्रीटला मात्र जाचतो. सिमेंटच्या तीव्र अल्कलीपणामुळे लोखंडावर संरक्षक थर टिकतो. कार्बन डायऑक्साइड मुरला की अल्कलीपणा उतरतो, आणि समुद्राचे क्षार तर तो थर थेट फोडतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून स्लॅबचे पोपडे सुटून सळया उघड्या पडतात. किनाऱ्याची न धुतलेली वाळू वापरली, तर क्षार पहिल्या दिवसापासून आतच असतात.

सिमेंटची भट्टी सुमारे 1450 अंशांवर चालते. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून खुद्द चुनखडीतून सुटणारा आहे.

म्हणून सगळ्यांनी चुन्याकडे वळावे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चुना सावकाश घट्ट होतो, त्यात हात बसलेला गवंडी मिळणे अवघड, आणि कळीचा चुना विरवताना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. मंगलोरी कौलांचे छपर उन्हाळ्यात फटींतून गरम हवा बाहेर सोडते, पण दरवर्षी शाकारणी मागते. तरीही दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या गावात जुन्या चुन्याच्या ओलसर भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट देणे ही चूकच आहे. ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. तिथे चुन्याचाच गिलावा आणि सफेदी योग्य.

पत्र्यांचे काम तर उद्यावर टाकण्यासारखे नाही. फुटलेले तुकडे आधी पाण्याने भिजवावेत, झाडूने कोरडे लोटू नयेत, आणखी फोडू नयेत, जाड प्लॅस्टिकमध्ये बांधावेत. काम करणाऱ्याच्या तोंडावर रुमालाऐवजी सूक्ष्म धूळ अडवणारा मास्क असावा. हे तुकडे वाडीच्या वाटेवर भराव म्हणून घालणे सर्वांत वाईट, कारण पायाखाली ते वर्षानुवर्षे दळले जातात. नवा पत्रा घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचा सिमेंट पत्रा मिळतो का, हे दुकानात विचारावे. आणि पुढच्या वादळानंतरच्या पंचनाम्यात फुटलेल्या सिमेंट पत्र्यांचा वेगळा रकाना हवा, ते गोळा करून सुरक्षित जागी नेणारी गाडी हवी, आणि तिचा खर्च सरकारी मदतीतून व्हावा, घरमालकाच्या खिशातून नव्हे.