तीन देशांतील सूर्यास्त

बेळगावच्या रविवार पेठेतील दुकानाचा भार पुतण्यावर सोपवून आम्ही उभयता गेले वर्षभर मुलांकडे राहून आलो. आम्हां दोघांनाही रात्रिभोजनत्यागाचा नियम. प्रवासापेक्षा त्याचीच चिंता अधिक होती.

कन्येकडे नैरोबीस ती व्यर्थ ठरली. विषुववृत्त जवळ असल्याने तेथे बाराही महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. पंगत एकत्र बसे. (तेथील बाजारात तूर पाहिली. तिला ‘म्बाझी’ म्हणतात. व्यापाऱ्याची दृष्टी काही घरी ठेवून जाता येत नाही!) मे महिना धाकट्याकडे दुबईस काढला, उन्हामुळे घराबाहेर पडवले नाही. जूनमध्ये थोरल्या चिरंजीवांकडे इंग्लंडात लेस्टरला पोहोचलो. तेथे त्या दिवसांत सूर्य रात्री साडेनऊपर्यंत असतो. नातवंडांसह सावकाश जेवूनही उजेड उरे. परंतु नोव्हेंबर सरता सरता सूर्य चारच्या सुमारासच मावळू लागला. मुलगा व सून कामावरून सहाला परतत. आम्ही दोघे साडेतीनलाच निमूटपणे जेवून घेत असू. एके दिवशी सौ. म्हणाली, “अहो, इतक्या दूर येऊन शेवटी पानावर आपण दोघेच!”

ते सूनबाईच्या कानी गेले असावे. त्या रविवारी तिने सर्वांची पाने अडीच वाजताच मांडली. पुढील खेपेस मात्र आम्ही लेस्टरला मे महिन्यातच जाणार आहोत.