पुरात हेलिकॉप्टर आलं तर...

दर वेळी आपण बचत, कर्ज, हप्ते यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे: लष्करी हेलिकॉप्टर. आपला त्याच्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो वैनगंगेमुळे आहे.

आपल्या पवनीच्या वरच्या अंगाला गोसीखुर्द धरण आहे, त्याला ३३ दारं आहेत. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात जोराचा पाऊस झाला आणि भंडाऱ्यापासून गडचिरोली-चंद्रपूरपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. त्याच दिवसांत तिकडे छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीच्या पुरात एक माणूस अडकला होता. हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला वर उचलून घेतलं. पेंच कन्हानला मिळते आणि कन्हान आपल्या वैनगंगेला. म्हणजे हा पूर आपलाच.

पाणी वाढलं की गावात कोणीतरी म्हणतंच, "घाबरू नका, हेलिकॉप्टर येईल." त्या भरवशावर घर सोडायला उशीर होतो. म्हणून हे यंत्र काय करू शकतं आणि काय नाही, ते नीट समजून घेऊ.

विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला लागत नाही. डोक्यावरची लांब पाती फिरतात, हवा खाली ढकलतात आणि त्या जोरावर ते उभं वर जातं. मग शेपटीवरचा छोटा पंखा कशाला? आपण जातं ओढतो तेव्हा जमिनीवर घट्ट बसलेल्या असतो. हवेत लटकून जातं ओढलं, तर आपणच उलट्या बाजूने फिरू. तसंच वरची पाती एका दिशेने फिरली की खालचं धूड उलट फिरायला बघतं. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो. म्हणूनच ते एका जागी, घराच्या छतावरही, अधांतरी थांबू शकतं.

आपल्या हवाई दलाकडे एमआय-१७ व्ही-५ नावाचं रशियन बनावटीचं हेलिकॉप्टर आहे. त्याला दोन इंजिनं असतात. त्यात ३० ते ३६ माणसं बसतात, किंवा १२ रुग्ण स्ट्रेचरवर नेता येतात. सामान चार टनांपर्यंत नेता येतं. चाळीस किलोचा धानाचा कट्टा धरला तर शंभर कट्टे झाले. ते तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातं. नागपूर ते पवनी सरळ रेषेत साधारण ७० किलोमीटर, म्हणजे उडाल्यावर वीसेक मिनिटांचं अंतर. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेलं 'ध्रुव' याहून लहान आहे. त्यात बाराएक माणसं बसतात. शेजारच्या गडचिरोलीत निवडणुकीच्या वेळी मतदान पथकं दुर्गम गावांत हेलिकॉप्टरनेच पोहोचवतात.

आता दुसरी बाजू ऐका. अधांतरी थांबायला फार ताकद आणि इंधन लागतं. हवा तापली की ती विरळ होते आणि पात्यांना कमी जोर मिळतो, म्हणून उन्हात ओझं कमी घ्यावं लागतं. ढग खाली उतरले, रात्र झाली, जवळ विजेच्या तारा असल्या, तर काम जिकिरीचं होतं. हा सगळा हिशोब वैमानिकाच्या डोक्यात असतो. आणि वैमानिक पुरुषच असतो असं नाही बरं का. २५ मे २०२२ ला आपल्या नाशिकमध्ये प्रशिक्षण पूर्ण करून कॅप्टन अभिलाषा बराक सेनेच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक झाल्या.

छतावर हेलिकॉप्टर उतरवता आलं नाही, तर दोर सोडून एकेक-दोन माणसं वर घेतात. एका खेपेला पाच मिनिटं धरली, तर तीस माणसांना एकेक करून घ्यायला अडीच तास लागतील. पाणी इतकं थांबत नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. आत हजारावर प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बाया. हेलिकॉप्टरं पाठवली होती, पण माणसं बाहेर काढली ती मुख्यतः आपत्ती दलाच्या बोटींनी.

मग हेलिकॉप्टर कोणासाठी? जिथे बोट पोहोचत नाही आणि वेळ उरलेला नाही, त्यांच्यासाठी. १७ ऑगस्ट २०१८ ला केरळच्या पुरात एका गरोदर बाईचं पाणी गेलं होतं. नौदलाने आधी डॉक्टरला दोराने खाली सोडलं, त्यांनी तिला तपासलं, मग तिला वर घेतलं. कोचीच्या नौदल रुग्णालयात तिला मुलगा झाला.

हेलिकॉप्टर आपण थेट बोलावू शकत नाही. तहसीलदार, जिल्हाधिकारी यांच्यामार्फत मागणी वर जाते. म्हणून गावातून नेमकी माहिती लवकर जायला हवी: किती माणसं, कुठे, त्यांत आजारी कोण, जवळ तारा आहेत का. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, आणीबाणीचा ११२.

आणि ते आलंच, तर एवढं पाळा. त्याच्या खालचा वारा टिनपत्रे उडवतो. सुटे पत्रे, ताडपत्री, कपडे आधी दाबून ठेवा. लक्ष वेधायला रंगीत लुगडं हलवा, पण ते खाली येऊ लागलं की गुंडाळून घ्या. पदर खोचा, लेकरांना घट्ट धरा. रात्री बॅटरीचा झोत वैमानिकाच्या डोळ्यावर मारू नका. दोर आला की लगेच पकडू नका, त्यात वीज साठलेली असते. जमिनीला किंवा पाण्याला तो टेकू द्या. पट्टा काखेखालून घ्या आणि हात खालीच ठेवा. हात वर केले तर माणूस पट्ट्यातून निसटतो. दोर कुठेही बांधू नका. हेलिकॉप्टर जमिनीवर उतरलं असेल तर जवान हात करेल तेव्हाच, समोरून, वाकून जा. शेपटीकडे चुकूनही जाऊ नका. तो पंखा फिरताना दिसत नाही.

येत्या मासिक सभेत बचतीचं काम झालं की दहा मिनिटं काढा. नदीकाठच्या गटांनी एक यादी करावी: सातव्या महिन्यापुढच्या गरोदर बाया, बाळंतिणी, अंथरुणावरचे म्हातारे, अपंग, रोज औषध लागणारे. घर कोणतं, मोबाईल कोणता, त्यांना नेणार कोण, तेही लिहा. एक प्रत आशाताईंकडे, एक पोलीस पाटलांकडे द्या. धरणातून पाणी सोडणार असल्याची दवंडी झाली की या यादीतली माणसं सगळ्यात आधी, चालत्या रस्त्याने, उजेड असताना हलवा. त्या दिवशी आकाशात हेलिकॉप्टर दिसलं, तर ते आपल्यापेक्षा जास्त अडचणीतल्या कोणाकडे जात असावं, इतपत तयारी आपली असू द्या.