मुलांचे गेम : सरसकट बंदी नको, पारख हवी

"सर, पोरांना मोबाईलवर गेम खेळू द्यायचा की नाही?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. यवतमाळ असो, पुसद असो की दिग्रस, काळजी सगळीकडे एकच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली, तेव्हा ज्या घरांत मुलांच्या हाती फोन देत नव्हते तिथेही तो द्यावा लागला. पुढे अभ्यास वर्गात परतला. फोन मात्र मुलांच्या हातातच राहिला.

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. पुस्तके चांगली असतात तशी वाईटही असतात. गेमचेही तसेच आहे. म्हणून काही गेम आम्ही स्वतः खेळून पाहिले, काही मोबाईलवर, काही भाच्याच्या कॉम्प्युटरवर. प्रत्येकाला चार प्रश्न लावले. हाक मारली की तो थांबवता येतो का? पैसे कसे मागतो? त्यातला शत्रू कोण? आणि खेळून उठल्यावर मुलाजवळ काय उरते? प्रगतिपुस्तकात लिहितो तसा शेवटी एकेक शेरा दिला आहे.

बीजीएमआय

पबजीवर केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने जवळपास तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने भारतात आणला. शंभर खेळाडू बेटावर उतरतात, शेवटी जो उरेल तो जिंकला. खेळाची बांधणी उत्तम आहे. चौघांच्या संघात मुले एकमेकांना सावध करतात, पडलेल्याला उठवतात. अडचण वेगळीच आहे. एक डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्ये थांबवता येत नाही. अम्मीने दळण आणायला सांगितले किंवा अस्रची अजान झाली, तरी मुलगा "पाच मिनिटं" म्हणत बसून राहतो. प्रत्येक वेळी तो उद्धटपणा नसतो. तो उठला तर साथीदार अडचणीत येतात. अठरा वर्षांखालच्यांसाठी कंपनीने दिवसाला तीन तासांची मर्यादा ठेवली आहे. दहावीच्या मुलाची अख्खी संध्याकाळ एवढ्यात संपते.

शेरा : सोळा वर्षांखाली नको. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी एक-दोन डाव, तेही नमाजची वेळ पाहून.

फ्री फायर

सिंगापूरच्या गरेना कंपनीचा हा गेम स्वस्त फोनवरही चालतो, म्हणून आपल्याकडे घरोघरी पोहोचला. मूळ गेमवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, तरी मुले त्याची 'मॅक्स' आवृत्ती खेळत राहिली. यात 'डायमंड' विकत घेऊन कपडे आणि बंदुकांचे रंग मिळवायचे असतात. 'लक रॉयल'मध्ये तर डायमंड टाकून नशीब आजमावायचे. हवे ते मिळेल याची खात्री नाही. आधी पैसे द्यायचे आणि काय मिळेल ते नशिबावर सोडायचे, याला आपल्या घरात काय म्हणतात? कुरआनने जुगाराला दारूच्या जोडीने मना केले आहे (सूरह माइदा, ५:९०). इथे पैसे परत जिंकता येत नाहीत, हे खरे. पण मनाला लागणारी चटक तीच. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, हे चांगलेच झाले. ही चटक मात्र घरातच मोडावी लागेल.

शेरा : नापास.

ल्युडो किंग

नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा हा गेम २०१६ मध्ये आला आणि लॉकडाऊनमध्ये देशभर खेळला गेला. इंटरनेट नसतानाही एकाच फोनवर घरातले चौघे खेळू शकतात. दादीसुद्धा सोंगटी मारून हसते. जाहिराती मात्र फार. फाशांच्या खेळाबाबत उलेमांचे मत कडक आहे, तेव्हा आपल्या मशिदीच्या मौलाना साहेबांना विचारून ठरवावे. पैसे लावून खेळला तर विचारण्यासारखे काही उरतच नाही.

शेरा : घरच्यांसोबतच. एकट्याने तासन्‌तास नको.

कॉल ऑफ ड्युटी आणि मिराज

आपली माणसे पडद्यावर कशी दिसतात, तेही पाहायला हवे. 'कॉल ऑफ ड्युटी'च्या अनेक भागांत रणभूमी मध्यपूर्वेची आणि गोळी झेलणारा अरबी बोलणारा असतो. २०२१ च्या 'व्हॅनगार्ड' भागात कुरआनची पाने जमिनीवर पडलेली दाखवली होती. जगभरातून आक्षेप आल्यावर कंपनीने माफी मागून ती काढून टाकली. सभ्य शब्दांत घेतलेला आक्षेप ऐकला जातो, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

याउलट युबिसॉफ्टचा 'असॅसिन्स क्रीड मिराज' (२०२३) नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. बाजार, कालवे आणि विद्वानांचे बैतुल हिकमा यांतून आपण फिरतो, आणि त्या काळाची माहिती देणारे छोटे लेख वाचायला मिळतात. अब्बासी खिलाफतीचा धडा आम्ही फळ्यावर कितीही रंगवला, तरी ते शहर असे उभे करता येत नाही. पण नायक मारेकरी आहे आणि गेम मोठ्यांसाठी आहे.

शेरा : पहिला नको. दुसरा मोठ्यांनी खेळावा आणि मुलांना त्यातले बगदाद दाखवावे.

राजी

हा गेम पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीत तयार झाला. २०१७ मध्ये लोकांकडून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबले नाही. २०२० मध्ये गेम जगासमोर आला. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली बहीण यात नायिका आहे. कथा हिंदू पुराणांवर बेतलेली आहे. शेजाऱ्यांच्या कथा म्हणून ती समजून घेता येते. गेमला शेवट आहे, तो संपतो. आपल्या मुलींनी तर जरूर पाहावा. महाराष्ट्रात बसून असे काम करता येते, हे त्यांना कळेल.

शेरा : चांगला. तेरा वर्षांपुढे, पालकांसोबत.

माइनक्राफ्ट

स्वीडनमधून आलेला हा ठोकळ्यांचा खेळ. 'क्रिएटिव्ह' प्रकारात मरण्याची भीती नाही, फक्त बांधायचे. मुले पूल, घरे, मशिदी उभारतात, लांबी-रुंदीचा हिशोब आपोआप करतात. पैसे एकदाच द्यावे लागतात. दोन सावधगिरी : याला शेवट नाही, म्हणून वेळ आपणच ठरवायची, आणि ऑनलाइन अनोळखी लोकांशी खेळू द्यायचे नाही.

शेरा : प्रथम श्रेणी.

धिस वॉर ऑफ माइन

पोलंडमधला हा गेम २०१४ चा. बोस्नियातल्या साराएव्होला १९९२ ते १९९६ असा वेढा पडला होता, त्या अनुभवांवरून तो सुचला. इथे आपण सैनिक नसतो. वेढ्यात अडकलेली साधी माणसे असतो. अन्न, औषध, सरपण पुरवून जगायचे. शेजारच्या म्हाताऱ्यांची भाकरी चोरली तर आपलेच पात्र खचून जाते. पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये शाळेच्या वाचन-यादीत याचा समावेश जाहीर केला.

शेरा : अठरा वर्षांपुढे, पण उत्कृष्ट. युद्धाची किंमत कळते.

घरात काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आहे. लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही न थांबणे. हे वर्षभर चालले, तर रागावण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे.

तोवर काही साध्या गोष्टी पुरेत. फोन बैठकीत, सर्वांसमोर खेळला जावा. पैशांच्या ॲपचा पिन मुलांना माहीत नसावा. डाव सुरू करण्याआधी वेळ ठरावी, मधेच फोन हिसकावू नये. मुलाला खेळायला मिळते तेवढे मुलीलाही मिळावे. आणि एकदा तरी मुलाजवळ बसून म्हणावे, "बेटा, हे कसे खेळतात, मलाही शिकव." त्या अर्ध्या तासात गेमही कळेल आणि आपले मूलही.