तारेच्या पलीकडे कोण?

बँकेच्या खिडकीशी आपण पासबुक भरून घेतो. त्यात छापली जाणारी शिल्लक समोरच्या कर्मचाऱ्याच्या संगणकात नसते. ती असते दूर कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये. तिथेही बँकेचा प्रोग्राम चालवणारा सर्व्हर वेगळा आणि माहितीच्या डिस्क ठेवलेले कपाट, म्हणजे स्टोरेज, बहुधा वेगळे. हिशेबनीस एका खोलीत आणि खतावणी दुसऱ्या खोलीत, असाच हा प्रकार. या दोघांना जोडणारे जाळे म्हणजे स्टोरेज नेटवर्क, आणि त्याच्या मध्यभागी बसलेली पेटी म्हणजे स्विच. अशा खोल्यांतून मी बरीच वर्षे काम केले आहे. तिथे नवखी मुले ज्या शब्दांना बिचकतात, त्यांची आज ओळख करून घेऊ.

पहिला प्रश्न असा की, ऑफिसातले साधे नेटवर्क का चालत नाही? तिथे गर्दी झाली की माहितीची काही पाकिटे गळतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. ई-मेलला क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही. डिस्कवर लिहिणाऱ्याला मात्र ते जड जाते. म्हणून फायबर चॅनेल ही वेगळी पद्धत आली. तिचे मूळ मानक अमेरिकेत १९९४ साली मंजूर झाले. तिचा नियम आरेच्या दुधाच्या बाटलीसारखा आहे. रिकामी बाटली परत केली की भरलेली मिळायची. तसेच इथे समोरून ‘जागा रिकामी झाली’ असा निरोप आला तरच पुढचे पाकीट निघते. या रिकाम्या जागेला क्रेडिट म्हणतात.

आता पोर्ट, म्हणजे तार खोचायची जागा. स्विचवर सगळे पोर्ट दिसायला सारखेच, पण प्रत्येकाच्या नावात एक अक्षर असते. ते अक्षर सांगते, तारेच्या पलीकडे कोण आहे.

सर्व्हरच्या किंवा स्टोरेजच्या अंगावरचा पोर्ट तो एन-पोर्ट. एन म्हणजे नोड, टोकाचे यंत्र. त्याची तार स्विचमध्ये जिथे येते तो एफ-पोर्ट. एफ म्हणजे फॅब्रिक, कापड. स्विच आणि तारांच्या सगळ्या विणीला हेच नाव आहे. एका स्विचची तार दुसऱ्या स्विचला लावली की दोन्हीकडे ई-पोर्ट होतात. ई म्हणजे एक्स्पान्शन, विस्तार. पूर्वी १२६ पर्यंत यंत्रे एका वर्तुळात जोडत, त्यांच्या पोर्टांना एनएल आणि एफएल म्हणत. ती पद्धत आता जवळजवळ इतिहासजमा झाली. पोर्ट एफ व्हायचा की ई, हे बहुतेक वेळा तार लावताच स्विच स्वतः ठरवतो.

प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक जागतिक नाव मिळते, सोळा अंक-अक्षरांचे. तार लागली की यंत्र स्विचकडे हजेरी लावते आणि स्विच त्याला त्या जाळ्यापुरता पत्ता देतो. यंत्र दुसऱ्या स्विचवर हलवले की पत्ता बदलतो, नाव तेच राहते.

पण कोणी कोणाला पाहायचे? ते ठरवते झोनिंग. हा सर्व्हर आणि हे कपाट एका झोनमध्ये. बाकीच्यांना ते दिसतच नाही. हे फार महत्त्वाचे आहे. जुन्या काळच्या काही संगणक-प्रणाली दिसेल ती डिस्क आपलीच समजून तिच्यावर आपली खूण उमटवत. दुसऱ्याच्या खतावणीवर असे लिहिले गेले, तर ती वाचता येईलच असे नाही.

यासाठी जाणते लोक आणखी एक काळजी घेतात. एकाऐवजी दोन स्वतंत्र फॅब्रिक उभारतात. प्रत्येक सर्व्हरची एक तार इकडे, एक तिकडे. एक वीण उसवली तरी दुसरी शाबूत. या दोन फॅब्रिकना एकमेकांशी कधीही जोडायचे नसते. जोडले तर स्विच त्यांचे एकच फॅब्रिक करू पाहतात, आणि मग एका बाजूला झालेली झोनिंगची चूक दुसऱ्या बाजूलाही पोहोचते.

एका ठिकाणी मी पोर्टांची यादी वाचत होतो. जिथे एफ असायला हवे तिथे ई दिसले. तार धरत मागे गेलो, तर कोणीतरी दोन्ही फॅब्रिकच्या मध्येच ती लावून ठेवलेली. काम व्यवस्थित चालू होते, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. दोन वाटा आहेत असे सगळे समजत होते. प्रत्यक्षात उरली होती एकच.

म्हणून या कामात येणाऱ्या मुलांना मी सांगतो, दिवे हिरवे आहेत एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक पोर्टचे अक्षर वाचा, पलीकडे कोण असायला हवे ते कागदावर लिहून ठेवा, आणि जो पोर्ट सर्व्हरसाठी आहे तो एफ म्हणूनच बांधून टाका. मग चुकीची तार लागली तरी तो ई होणार नाही. खिडकीशी पासबुक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही अक्षरे माहीत असण्याचे कारण नाही. ती माहीत असायला हवीत आपल्याला.