जळगावची शेंग, साक्रीचा पाट

मलावीत ‘काकोमा’ आणि झांबियात ‘लुएना’ या नावानं पेरला जाणारा भुईमूग जळगावचा आहे. अगदी मुळाशी जायचं तर तो तैवानहून आलेल्या वाणातून निवडलेला. पण निवड झाली जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो ‘फुले प्रगती’ म्हणून प्रसारित झाला. शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र जेएल-२४ हेच नाव बसलं. उपट्या वाण, सुमारे तीन महिन्यांत हाती येणारा, पावसानं लवकर पाठ फिरवली तरी काहीतरी पदरात टाकणारा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेमार्फत तो आफ्रिकेत गेला आणि २०००च्या आसपास तिकडे नव्या नावांनी रुजला. तिथल्या रोझेट रोगापुढे तो टिकत नाही, ही त्याची खोट. तरी पसरला.

कारण साधं आहे. भुईमूग स्वपरागसिंचित; यंदाच्या शेंगा राखून पुढच्या साली पेरल्या तर पीक तसंच येतं. एकरी चाळीस-पन्नास किलो दाणे लागतात आणि एका किलोचे फार किलो होत नाहीत, त्यामुळे खासगी बियाणे कंपन्यांना त्यात रस कमी. हे काम सरकारी केंद्रांनाच करावं लागलं, ते त्यांनी केलं, आणि त्याचा गाजावाजा कुणी केला नाही. अर्थात घरचं बी म्हणजे सुख असंही नाही. टंचाईच्या साली राखलेल्या शेंगा पेरणीआधीच पोटात जातात.

जळगाव म्हटलं की लोकांना आठवतं ते वेगळंच: केळी, ठिबक आणि भवरलाल जैन. वाकोदच्या या माणसानं १९६३ मध्ये रॉकेलच्या व्यापारापासून सुरुवात केली, १९८०मध्ये पीव्हीसी पाइप काढले, त्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक आणलं आणि १९९०च्या दशकात ऊतिसंवर्धित ग्रँड नैन, म्हणजे ‘जी-९’, केळीची रोपं. जुन्या बसराई वाणाच्या कंदाला जिथं दीड वर्ष लागे, तिथं ‘जी-९’चा घड वर्षाच्या आत-बाहेर कापणीला येऊ लागला. रावेर-यावल पट्ट्यातल्या घरांचे मजले त्यावर चढले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या वाटेला शिरायचं दार अरुंद आहे. एकरी दीड हजारांच्या आसपास रोपं, तीही विकतची. पहिल्या बागेनंतर त्याच खोडाचं पिल्लू राखून पिलबाग घेता येते, तेवढीच सवलत. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के अनुदान. राज्याची पुरवणी धरून ते ८० आणि ७५ टक्क्यांवर जातं. आकडा भरघोस दिसतो, पण संच आधी बसवायचा, पैसे मागाहून खात्यात. सातबारा नावावर हवा, पाण्याच्या सोयीची नोंद हवी. म्हणजे बटाईनं कसणारा बाहेर, उधारीवर जगणारा अर्धा बाहेर. शिवाय वाचलेलं पाणी जमिनीत राहिलं नाही, नव्या बागेत गेलं. रावेर आणि यावल हे भूजलाच्या अतिउपशाचे तालुके म्हणून नोंदले गेले. २०२०मध्ये कुकुंबर मोझॅक, इथल्या बोलीत हरण्या, आला तेव्हा एकाच वाणाच्या बागाच्या बागा उपटाव्या लागल्या.

धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या बाजूला, पाण्याचं आणखी एक तंत्र होतं, ज्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधारे बांधलेले. बंधाऱ्यातून पाट निघे, पाटाखालची जमीन म्हणजे थळ, थळाचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पिकाची पाळी बदलत जाई. बहुतेकांची जमीन एकाहून अधिक फडांत असल्यानं ऊस कुणा एकाचा मक्ता नसे. पाणी कमी असलं की भिजायचे फड कमी, मग त्यात कुणाचंही शेत असो. पाटकरी दारं उघडत असे आणि त्याला मोबदला धान्यात. वरच्या अंगाला धरणं झाली, घरोघर विहिरीवर मोटारी बसल्या, आणि फड ढिले पडले. जातीपातीचं वजन त्यातही असणारच. मी त्याला सुवर्णयुग म्हणणार नाही.

तरी फडाची आठवण कापसापाशी येते. भारतात बीटी कापूस आला २००२मध्ये, तोही संकरित रूपात. दरसाल पाकीट विकत घ्यावंच लागतं. २०१७मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं त्याची ढाल मोडली. अळीला लवकर खाद्य मिळू नये म्हणून कृषी खात्यानं नंतरच्या काही हंगामांत जूनच्या तोंडापर्यंत बियाणं विकू दिलं नाही. शास्त्र बरोबर आहे. मात्र ज्याच्याकडे ठिबक आहे तो मेमध्येच पूर्वहंगामी कापूस लावू शकतो. ठिबक त्यानं त्यासाठीच तर घेतलेलं असतं. एक तंत्रज्ञान म्हणतं लाव, दुसरं म्हणतं थांब. सगळ्या शिवारानं एकदम पेरायचं हा निर्णय फडात गाव घेत असे. आता तो आदेशानं येतो, आणि आदेश राज्याच्या हद्दीपुरता. शिरपूरहून मुंबई-आग्रा महामार्गानं मध्य प्रदेशातलं सेंधवा तासाभरावर आहे. महाराष्ट्राची बंदी तिथल्या दुकानांना लागू नव्हती.